अनोळखी माणसाने आपल्यावर विश्वास का ठेवावा? मालमत्तेत गुंतवणूक करू पाहणाऱ्याला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नोकरी सांभाळून तुम्ही दोन फ्लॅट घेतलेत, दोन्ही भाड्याने दिलेत, हप्ते वेळेवर जातात. आता मोठ्या मालमत्ता घ्यायच्या, दुरुस्त करून भाड्याने द्यायच्या किंवा विकायच्या असं मनात आहे आणि त्यासाठी इतरांचे पैसेही लागणार आहेत. पण विकणारे तुम्हाला फारसं मनावर घेत नाहीत, एजंट चांगली जागा आधी दुसऱ्याला दाखवतात आणि पैसे घालू शकतील असे लोक ‘बघू’ म्हणून विषय बदलतात. मेहुणा मात्र साठवलेली सगळी रक्कम द्यायला तयार आहे. विश्वास कसा कमवायचा, आणि वेबसाइट, कार्ड, व्हिडिओ यांवर खर्च करावा का, असं तुम्ही विचारलंय.

लोक आपल्याला ओळखत नाहीत, ही आपली अडचण आहे असं तुम्हाला वाटतंय. माझ्या मते अडचण त्याच्या एक पायरी खाली आहे. तुम्ही प्रामाणिक आहात, पण तुमच्यात आणि एखाद्या लबाड माणसात फरक कसा करायचा हे समोरच्याला कळत नाही. जे तुम्ही बोलता तेच तोही बोलतो, आणि बहुतेक वेळा तुमच्यापेक्षा सफाईने बोलतो. त्यामुळे तुम्ही किती सचोटीचे आहात हे सांगत राहिलात तर गाडी पुढे सरकणार नाही.

अर्थशास्त्रात याचा चांगला अभ्यास झालाय. 1970 मध्ये जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं, की माल कसा आहे हे फक्त विकणाऱ्यालाच माहीत असेल तर घेणारा सगळ्यांना एकाच तराजूत तोलून मधलाच भाव देतो, आणि मग चांगल्या मालाचे मालक बाजारातून निघून जातात. 1973 मध्ये मायकेल स्पेन्स यांनी नोकरीच्या बाजाराबद्दल लिहिताना पुढचा दुवा जोडला. एखादी खूण तेव्हाच उपयोगी पडते, जेव्हा ती दाखवणं खऱ्याला परवडतं आणि खोट्याला परवडत नाही. 2001 चं अर्थशास्त्राचं नोबेल या दोघांना जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत मिळालं. मी अर्थशास्त्राची नाही, पण कामात हा विचार मला फार उपयोगी पडतो. लोकांना दाखवायची कुठलीही गोष्ट ठरवताना मी स्वतःला विचारते, की फसवायला निघालेल्या माणसाला हे करणं जड जाईल का? जड जाणार नसेल तर त्याने माझ्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

वेबसाइट, कार्ड आणि व्हिडिओ या कसोटीवर लगेच बाद होतात. करू नका असं नाही, पण त्यांनी काम होईल ही आशा सोडा.

पुढचं वाचण्याआधी दोन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या सांगते. पहिली कायद्याची. तुम्ही फक्त स्वतःच्या पैशांनी आणि बँकेच्या कर्जाने काम करणार असाल तर प्रकरण साधं आहे. पण इतरांचे पैसे एकत्र करायचे, ते कुठे लावायचे हे तुम्ही ठरवायचं आणि त्यांनी फक्त परतावा घ्यायचा, अशी रचना असेल तर बहुतेक देशांत ती गुंतवणूक योजना ठरते आणि तिला नोंदणी, परवानगी किंवा निदान ठरावीक स्वरूपात माहिती जाहीर करणं लागू होतं. ‘आपल्या-आपल्यातच आहे’ म्हणून यातून सुटका होत नाही. पहिला पैसा घेण्याआधी या विषयातल्या वकिलाकडे जा. दुसरी गोष्ट म्हणजे तुमचा विकणारा कोण आहे. मोठ्या कंपनीकडून जागा घेताना तिला फक्त तारीख आणि रक्कम हवी असते. वडिलांचं घर विकणाऱ्या भावंडांना त्याहून खूप काही हवं असतं. मी मुख्यतः दुसऱ्या प्रकारच्या लोकांकडून घेत आले, म्हणून माझं बोलणं त्या अंगाने जाईल.

विकणाऱ्यापासून सुरुवात करते, कारण तुमचं नाव सगळ्यात आधी तिथेच होतं किंवा खराब होतं. त्याच्या मनात तीन भीती असतात. पैसे खरंच आहेत का, वेळेवर येतील का, आणि शेवटच्या घटकेला हा भाव पाडणार का.

पहिल्या दोन भीतींवर उपाय कागदाचा आहे. भाव सांगतानाच पैशाचा पुरावा द्या, म्हणजे बँकेचं तत्त्वतः मंजुरीचं पत्र किंवा शिल्लक दाखवणारा उतारा. अटी मोजक्या ठेवा आणि प्रत्येक अटीला मुदत घाला. मालकी हक्काचा आणि बोजाचा (जागेवर कोणाचं कर्ज किंवा हक्क आहे का याचा) शोध 15 दिवसांत, कर्जाची लेखी मंजुरी 30 दिवसांत. मी विकणाऱ्याला सांगते: यांपैकी एखादी गोष्ट प्रामाणिकपणे जमली नाही तर इसार, म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम, मला परत. सगळं जमलं आणि तरीही मी मागे फिरले तर इसार तुमचा. ही रक्कम माझ्याकडेही नको आणि तुमच्याकडेही नको, दोघांना मान्य असलेल्या तिसऱ्या माणसाकडे किंवा त्यासाठीच्या वेगळ्या खात्यात राहू दे. गंमत म्हणून जागा अडकवून ठेवणाऱ्याला अशी अट लिहून देणं जड जातं, म्हणूनच तिला वजन आहे.

काही विकणारे लेखी म्हटलं की बिचकतात, ‘शब्दावर विश्वास नाही का’ म्हणतात. तेव्हा मी शांतपणे सांगते, की कागद माझ्यापेक्षा तुमच्या रक्षणासाठी आहे. इंग्लंडमध्ये 1677 सालीच कायदा झाला, की जमिनीच्या विक्रीचा करार लेखी हवा आणि त्यावर सही हवी, कारण तोंडी बोलण्यावर खोट्या साक्षी उभ्या केल्या जात होत्या. मालमत्तेच्या बाबतीत माणसाची आठवण पुरत नाही, हे फार जुनं शहाणपण आहे.

आता तिसरी भीती. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या अनुभवात गुंतवणूकदाराची पत सगळ्यात जास्त इथेच जाते.

प्रकार असा असतो. घेणारा सगळ्यांपेक्षा चढा भाव सांगतो आणि व्यवहार आपल्या बाजूने वळवतो. बाकीचे ग्राहक निघून जातात. विकणारा पुढच्या घराचा इसार देऊन बसतो. मग तपासणीच्या नावाखाली हा दोषांची यादी काढतो आणि म्हणतो, एवढे कमी करा नाहीतर राहू द्या. विकणाऱ्याच्या हातात तेव्हा काहीच उरलेलं नसतं, तो मान्य करतो. त्या एका व्यवहारात फायदा होतो हे खरं आहे. पण एजंट तिथेच बसलेला असतो. पुढच्या वेळी हाच घेणारा चढा भाव घेऊन आला की एजंट मालकाला हळूच सांगतो, ‘यांचा आकडा शेवटपर्यंत टिकत नाही.’ त्यानंतर त्याच्या खऱ्या आकड्यालाही किंमत राहत नाही, आणि हे त्याला कोणी तोंडावर सांगत नाही. त्याला फक्त जागा उशिरा दिसायला लागतात.

मग करारानंतर भाव कधीच बदलायचा नाही का? तसं नाही. घर उघडल्यावर कधी कधी खरंच असं काही निघतं की जुना भाव देणं वेडेपणाचं ठरतं. अशा वेळी मी तीन गोष्टी तपासते. हा दोष पहिल्या भेटीत डोळ्यांना दिसत होता का? दिसत असेल तर तो माझ्या भावात धरलेला असायला हवा होता, आता बोलायचा अधिकार नाही. दुरुस्तीचा आकडा माझ्या माणसाचा आहे की तटस्थ माणसाचा? आणि ही गोष्ट मला कळल्याला किती तास झाले?

एक उदाहरण देते. जुनं दुमजली घर होतं, वरच्या खोलीच्या छताला पिवळट डाग स्पष्ट दिसत होता. गच्ची गळते हे उघड होतं आणि वॉटरप्रूफिंगचा खर्च मी भावात धरला होता. करारानंतर स्ट्रक्चरल इंजिनिअरने डागाजवळचा गिलावा काढला तर आतल्या तुळईची सळई गंजून फुगलेली, काँक्रीट हाताने सुटत होतं. हे मालकालाही माहीत नव्हतं आणि मलाही दिसणं शक्य नव्हतं. अहवाल हातात आला त्याच संध्याकाळी मी मालकांना फोन केला आणि पूर्ण अहवाल, फोटोंसकट, त्यांना पाठवला. व्यवहार झाला नाही तरी तो त्यांच्याकडेच राहू दे, पुढच्या ग्राहकाला दाखवायला उपयोगी पडेल, असं सांगितलं. त्यांच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. इंजिनिअरने तुळईसाठी जेवढा खर्च लिहिलाय नेमका तेवढाच भावातून कमी करायचा, किंवा व्यवहार रद्द करून मी इसार परत घ्यायचा. गच्चीचा, रंगाचा, जुन्या वायरिंगचा विषय मी काढलाच नाही, कारण ते सगळं पहिल्या दिवसापासून दिसत होतं. त्यांना दुसऱ्या इंजिनिअरचं मत घ्यायला वेळ दिला. त्याचं मत तसंच आलं आणि त्यांनी पहिली वाट निवडली. भाव कमी होऊनही त्या माणसाने पुढे स्वतःच्या नात्यातला एक व्यवहार माझ्याकडे पाठवला. दुसऱ्याच्या हातात अहवाल ठेवणं आणि त्याला तो तपासायला वेळ देणं, हे भाव पाडायला आलेल्या माणसाला परवडत नाही. मालकांना नेमकं तेच दिसलं होतं.

इथेच एक नाजूक बाब येते. घरात मृत्यू झालाय, हप्ते थकलेत, वय झालंय, वाटणीचा वाद आहे, अशा कारणाने विकणारी माणसं तुमच्याकडे येतील. गुंतवणूकदाराला स्वस्त जागा बऱ्याचदा अशाच ठिकाणी मिळते. मी अशा माणसाला तीन गोष्टी स्पष्ट सांगते. एक, मी ही जागा नफ्यासाठी घेते आहे. दोन, तुम्हाला थांबायला वेळ असेल तर खुल्या बाजारात जास्त भाव येऊ शकतो. तीन, तुमचा स्वतःचा वकील घ्या, माझा तो तुमचा नव्हे. यामुळे काही व्यवहार हातचे जातात, जाऊ द्यावेत. ज्याला लवकर आणि खात्रीने पैसे हवे आहेत तो हे ऐकूनही विकतो, आणि नंतर त्याच्या मुलांना किंवा भावंडांना शंका घ्यायला जागा राहत नाही. दुसऱ्याच्या अडचणीचा फायदा उठवला असा बोल एकदा लागला की तो पुसता येत नाही, आणि लागूही नये.

आता पैसे लावणाऱ्या भागीदारांकडे येते. त्यांच्या बाबतीत सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे तुमचा स्वतःचा पैसा, आणि तोही त्यांच्याच रांगेत. म्हणजे तोटा झाला तर तो तुम्हालाही त्याच प्रमाणात बसेल. तुम्ही शोधणावळ, देखरेखीची फी, विक्रीतला वाटा असं काय काय घेणार ते एका पानावर, आकड्यांत, सही करण्याआधी त्यांच्या हातात पडायला हवं. मला फी घेण्यात काही गैर वाटत नाही, काम केलं तर मोबदला घ्यावा. पण ती नंतर कळली तर लपवल्यासारखीच वाटते.

कर्जाचा परिणाम त्यांना तुम्हीच समजावून सांगा, आणि वाईट बाजू आधी. मालमत्ता 100 ची आहे असं धरा, त्यात 70 बँकेचे आणि 30 भागीदारांचे. भाव 10 टक्क्यांनी पडला तर मालमत्ता 90 ची झाली, पण मुद्दल अजून तेवढंच असेल तर बँकेचे 70 कायम. उरले 20. म्हणजे भाव पडला एक दशांश आणि भागीदारांचं भांडवल गेलं एक तृतीयांश. भाव तेवढाच वाढला तर त्यांचे 30 चे 40 होतात. तुमचे प्रतिस्पर्धी दुसरं गणित दाखवतील. तुम्ही दोन्ही दाखवा, वर पहिलं. त्यात रिकाम्या राहणाऱ्या महिन्यांचं भाडं, सरकारी शुल्क, वकील, विमा, दुरुस्तीत निघणारा जादा खर्च हेही धरलेलं असू दे. जो माणूस हे पाहून मागे सरतो तो तुमचा भागीदार नव्हताच, आणि हे आत्ताच कळलेलं बरं.

पैशाची जागा वेगळी ठेवा. प्रत्येक व्यवहाराचं स्वतंत्र खातं, त्यात तुमचा घरखर्च नाही की दुसऱ्या व्यवहाराचा पैसा नाही, आणि भागीदारांना उतारा बघता आला पाहिजे. वर्षातून एकदा तुमच्याशी संबंध नसलेल्या हिशोब तपासनीसाने तो तपासावा. नावलौकिक स्वतःहून काहीच सिद्ध करत नाही, याचं मोठं उदाहरण बर्नार्ड मॅडॉफ, जे नव्या लोकांच्या पैशांतून जुन्यांना परतावा देत होते. ते नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजाराचे माजी अध्यक्ष होते, मोठमोठ्या संस्थांचा आणि माणसांचा त्यांच्यावर भरवसा होता, परतावा वर्षानुवर्षं जवळपास सरळ रेषेत यायचा. डिसेंबर 2008 मध्ये त्यांना अटक झाली आणि 2009 मध्ये 150 वर्षांची शिक्षा. लोकांचे पैसे जपण्याचं काम आणि ते वाढवण्याचं काम त्यांच्याच संस्थेच्या हातात होतं, आणि विचारणारे फार थोडे होते. म्हणून कोणी तुम्हाला ‘तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे, हिशोब नको’ म्हणालं तर सुखावू नका. त्यालाही हिशोब पाठवा.

दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पत्र जाऊ दे, सांगण्यासारखं काही नसलं तरी. आणि वाईट बातमी त्या तारखेची वाट न बघता. एका इमारतीचं काम लांबलं तेव्हा मी पाठवलेलं पत्र साधारण असं होतं:

‘काम सहा आठवडे मागे आहे. लिफ्टच्या परवानगीचे कागद परत आले, त्यात जोडलेला एक नकाशा जुना होता. याचा भार म्हणजे सहा आठवड्यांचं व्याज आणि तेवढ्या काळाचं भाडं. राखीव निधीतून तो भागतो, तुमच्याकडून जादा रक्कम मागणार नाही. वर्षाच्या परताव्याचा अंदाज मात्र कमी केला आहे, नवा तक्ता सोबत आहे. सुधारित नकाशा सोमवारी दाखल होतो. पुढचं पत्र 5 तारखेला.’

यात एकही विशेषण नाही हे लक्षात घ्या. काय झालं, का झालं, किती महाग पडलं, ते कोण भरणार, आता काय करतोय, पुन्हा कधी कळवणार, एवढंच आहे. भागीदाराला रात्री झोप लागण्यासाठी हे पुरतं. ‘काळजी नसावी, सगळं नियंत्रणात आहे’ या वाक्याने मात्र काळजी वाढते, कारण त्यातून काहीच तपासता येत नाही.

राखीव निधीबद्दल एक जोडते. तो नसेल तर वरचं पत्र लिहिताच येत नाही. गुंतवणूकदाराची नियत बहुतेक वेळा पैसे संपल्यावर बिघडते. तोपर्यंत सरळ चाललेला माणूस मग एका खात्यातले पैसे दुसऱ्यात फिरवायला लागतो. म्हणून दुरुस्तीच्या आणि रिकाम्या काळाच्या खर्चासाठी वेगळी रक्कम बाजूला काढूनच व्यवहारात उतरा. परतावा थोडा कमी दिसेल, दिसू द्या.

ठेकेदार, एजंट आणि भाडेकरू यांच्याबद्दल थोडक्यात. तुमची खरी माहिती गावभर हेच लोक सांगतात, भागीदार नव्हे. ठेकेदाराचं काम मोजून झालं की ठरलेल्या दिवसांत पैसे द्या. वाद एका भागाचा असेल तर तेवढाच थांबवा, सगळं बिल अडवू नका. एजंटाने जागा दाखवली असेल तर त्याला वगळून मालकाकडे जाऊ नका, आणि जागा नको असेल तर दोन दिवसांत कारणासकट नाही म्हणा. झटपट आणि स्पष्ट नकार देणाऱ्याला पुढची जागा आधी दाखवली जाते, हे तुम्हाला नवल वाटेल. भाडेकरू येताना आणि जाताना दोघांनी मिळून फोटो काढा, आणि डिपॉझिटमधून काही कापलं तर बिलासकट सांगा. भिंतीवरचा वापराने आलेला मळ हे नुकसान नव्हे, ती तुमच्या धंद्याची किंमत आहे.

आता तुम्ही नेमकं कुठून सुरू करायचं ते सांगते. तुमच्याकडे दोन फ्लॅटचा इतिहास आहे आणि तो तुम्ही वापरत नाही आहात. प्रत्येकाचं एक पान तयार करा: घेतला कधी, कितीला, दुरुस्तीचा अंदाज किती होता आणि खर्च किती आला, किती महिने रिकामा राहिला, भाडं किती ठरवलं होतं आणि मिळालं किती, हप्ते कधी चुकले का. अंदाज आणि प्रत्यक्ष हे दोन रकाने शेजारी ठेवा, फरक वाईट असला तरी. मला कोणी भागीदारीसाठी विचारलं तर मी सगळ्यात आधी तेच बघते. ज्याच्या कागदावर प्रत्येक अंदाज बरोबर आलाय त्याला मी आणखी प्रश्न विचारते. सोबत भाडेकरूंची आणि काम करणाऱ्या ठेकेदाराची परवानगी घ्या, की कोणी फोन केला तर ते बोलतील. हे पान वेबसाइटवर टाकायचं असेल तर अवश्य टाका, मग ती वेबसाइट कामाची होईल.

तिसरा व्यवहार स्वतःच्या कुवतीत करा, जरा मोठा, पण एकट्याचा. चौथ्यात एकच भागीदार घ्या, शक्यतो असा ज्याला मालमत्तेतलं कळतं आणि जो अवघड प्रश्न विचारेल. त्याचे पैसे हिशोबासकट परत गेले की मगच पाचव्याचा विचार करा. घ्यायचं, दुरुस्त करायचं, भाड्याने द्यायचं, विकायचं या फेऱ्याला वर्षं लागतात आणि तुमच्या नावाचं खातं त्याच गतीने भरणार. कागदावरचा नफा त्यात जमा होत नाही, लोकांच्या हातात परत गेलेला पैसाच होतो.

आणि मेहुण्याचे पैसे आत्ता घेऊ नका. तो तुम्हाला तपासून देत नाहीये, नात्याखातर देतोय, आणि सगळी साठवण देतोय. व्यवहार दोन वर्षं लांबला तर त्याला घरात आजारपण आलं म्हणून पैसे मागायला लागतील, तुम्हाला जागा विकल्याशिवाय देता येणार नाहीत, आणि तुमच्या बहिणीला दोघांच्या मध्ये उभं राहावं लागेल. त्याला वरचं 100, 70 आणि 30 चं गणित समोर बसून समजावून सांगा आणि म्हणा, की चौथा व्यवहार पूर्ण झाल्यावर, पाच वर्षं लागणार नाही एवढीच रक्कम तुझ्याकडे बाजूला असेल, तर आपण पुन्हा बोलू.